सावंतांचा संशयी अभ्यासक्रम

कोणी "समजलं" म्हटलं, की आमचे शेजारी बापू सावंत त्याच्याकडे फौजदाराच्या नजरेने बघतात. "मान हलवायला काय लागतं? करून दाखवा!"

शिक्षकांनी वर्गात आणि ऑनलाइन धडा कसा आखावा, हे बापू परळच्या एका संस्थेत शिकवतात. शिकणाऱ्याला शेवटी काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवायचं, मग धडा लिहायचा, हा त्यांचा धर्म. लालबागच्या आमच्या चाळीत त्यातून कोणाची सुटका नाही. मी एकदा माहीमला एका पत्त्यावर कसं जायचं ते विचारलं. त्यांनी सांगितलं, माझ्याकडून वदवून घेतलं आणि म्हणाले, "आता उलट सांगा. परत यायचं नाही का?"

असा माणूस गॅलरीत उभा राहून, स्वयंपाकघरातल्या बायकोला व्हिडिओ कॉलवर सिलिंडर जोडायला शिकवू लागला, तेव्हा चाळीला संशय आला.

"अहो, दाराशीच आहात, आत येऊन दाखवा की!"

"आत आलो की मलाच लावायला सांगशील. टोपण काढलंस?"

"राहिलं."

"पुन्हा पहिल्यापासून!"

"घर सोडून पळायचा बेत दिसतोय," शेजारच्या शिंदेकाकू कुजबुजल्या. मलाही तसंच वाटू लागलं होतं. शेवटी बापूंना सरळच विचारलं.

"सोमवारी बायपास आहे," ते म्हणाले. "मी नसताना तिचं अडायला नको. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. डॉक्टरांचं काय, तेही मान हलवतात."

रविवारी सकाळी वहिनी पुन्हा नापास झाल्या. बापू भाजीला गेल्यावर मी मदतीला गेलो, तर वहिनींनी माझ्यादेखत टोपण काढलं, रेग्युलेटर बसवला, शेगडी पेटवली. मी बघतच राहिलो.

"येतं हो मला," त्या म्हणाल्या. "पण पास झाले तर हे निर्धास्त जातील. शिकवणं अर्धवट राहिलं, की यांना चैन पडत नाही. ओढीने परत येतील." आणि सिलिंडर काढून, टोपण होतं तसं बसवून ठेवलं.

बापूंना अंधारात ठेवणं मला बरं वाटेना. जिन्यातच गाठलं. "बापू, वहिनींना ते सिलिंडर..."

"येतं. कधीच आलंय."

"मग रोज परीक्षा कशाला?"

बापूंनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "'राहिलं' म्हणताना ती गालात हसते. मोबाइलवर चेहरा अगदी जवळून दिसतो हो. समोर बसून इतकी वर्षं कुठे एवढं बघितलं?"

मग पिशवी माझ्या हातात देऊन ते गॅलरीत गेले आणि त्यांनी कॉल लावला.