दोन गुंठ्यांवर मेंढ्या

कडूबांचा प्लॉट दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता विकला जाणार होता. सगळं ठरलेलं होतं. त्यांनी ती संध्याकाळ मुकुंदवाडीच्या भाड्याच्या खोलीत गुमान चहा पीत काढली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण नाही! शेवटचं एकदा डोळे भरून बघून यावं म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि पडेगावला आपल्या दोन गुंठ्यांवर जाऊन बसले.

हे दोन गुंठे त्यांनी वाळूजच्या कंपनीत असताना घेतले होते. घेताना विचार अगदी सरळ होता, की इथं घर बांधायचं. पण पहिल्याच वर्षी भाव वाढला आणि कडूबांच्या डोक्यात रेट शिरला. बांधून कशाला अडकून पडायचं? योग्य वेळ आली की विकू आणि तयार बंगलाच घेऊ! ती योग्य वेळ अकरा वर्षं नुसती येतच होती. रेट चढला की कडूबा म्हणायचे, "अजून चढंल." उतरला की म्हणायचे, "आता इकायचं व्हय? येडा हाय का मी?" आणि रेट जागच्या जागी राहिला, तर डोळा बारीक करून सांगायचे, "दम खातोय त्यो. आता बघच."

ते एकटेच असे होते म्हणाल तर तसंही नाही. त्या कॉलनीत अकरा प्लॉट. तिघांनी घरं बांधली, बाकीचे आठ मालक वाट बघत होते. रोज संध्याकाळी शहराच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून स्कुटरवरून, रिक्षानं यायचे, लिंबाखाली बसायचे आणि आपापल्या रिकाम्या जागेकडं टक लावून बघायचे. कुणाला तिथं दुकानांची रांग दिसायची, कुणाला तीन मजले, कुणाला नुसतेच नोटांचे गठ्ठे. दौलताबादच्या बाजूला सूर्य बुडायचा, गवतावर पिवळं ऊन पसरायचं, आणि आठ कर्ती माणसं चहाचे ग्लास हातात धरून बसल्या जागी हरवून जायची. घरी जाऊन भाजी आणायची आहे, हे कुणाच्या गावीही नसायचं.

या सगळ्यात सरूबाईंचे, म्हणजे कडूबांच्या मंडळींचे, हाल व्हायचे. बावीस वर्षं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. कुठं नळ सामाईक, कुठं मालकीणबाई खिळा ठोकू देत नाही. "तुमचा रेट चढतोय अन् मपले गुडघे उतरायलेत," एवढंच त्या म्हणायच्या आणि पाण्याची कळशी उचलायच्या. भांडायच्या नाहीत, ही कडूबांना त्यांची संमती वाटायची.

पण यंदा घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलं आणि पाडव्याच्या आत खोली रिकामी करा असा निरोप आला. पाडवा आठ दिवसांवर. तेवढ्यात एजंट बन्सीनं कन्नडकडचे एक बागायतदार आणले, नानासाहेब म्हणून. कडूबांनी अकरा वर्षं मनात धरलेला रेट त्यांनी फोनवर एका दमात कबूल केला! रविवारी नऊला जागा बघायची आणि इसार द्यायचा. तोच इसार दुपारी मुकुंदवाडीतल्या एका फ्लॅटवाल्याला नेऊन द्यायचा. दुसरा मजला, दोन खोल्या, आणि नळ फक्त आपला. सरूबाई तो फ्लॅट तीनदा बघून आल्या होत्या. रविवारचा सौदा हुकला तर फ्लॅटही गेला आणि भाड्याची खोलीही, हे कडूबांना पुरतं ठाऊक होतं.

तर शनिवारची संध्याकाळ. बाकीचे मालक आज फिरकले नव्हते. कडूबा आपल्या पत्र्याच्या खोलीबाहेर खुर्चीत बसले होते. ही खोली त्यांनी जागेवर ताबा दिसावा म्हणून कधीतरी उभी केली होती. समोर दोन गुंठे माती, भेगाळलेली. उद्यापासून ही दुसऱ्याची, असं त्यांच्या मनात आलं. बिचारीनं अकरा वर्षांत आपल्याकडून काही म्हणजे काही खाल्लं नाही, असं त्यांना वाटलं. त्यातच रस्त्यानं घंटांचा आवाज आला. धूळ उठली, आणि त्या सोनेरी धुळीतून सत्तर-ऐंशी मेंढ्या, एक घोडं, दोन कुत्री, पुढं त्रिंबक मेंढपाळ आणि मागं डोक्यावर पाटी घेतलेली त्याची बायको बानाबाई असा सगळा लवाजमा हळूहळू येताना दिसला.

आता ज्याचं लहानपण शेतात गेलंय त्याला हे सांगायला नको. फाल्गुनात रानं मोकळी झाली की मेंढपाळाला अडवायचं, मेंढ्या एक रात्र रानात बसवायच्या, बदल्यात ज्वारी द्यायची. लेंडीखत पडतं आणि जमीन सुधारते. कडूबांच्या वडिलांनी फुलंब्रीच्या वाटेवर उभं राहून दरसाल असाच आवाज दिला होता. त्या तंद्रीत कडूबा उठले, रस्त्यापर्यंत गेले, आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "काय पाव्हणं, बसवता का मेंढ्या?"

त्रिंबक थांबला. "रान कुठं हाय?"

"हे काय, इथंच."

त्रिंबकानं चार सिमेंटच्या खांबांकडं आणि प्लॉट क्रमांक सातच्या पाटीकडं बघितलं. "हितं पेरता व्हय तुम्ही?"

"ते बघू पुढं. बसवता का नाय?"

"बसवू की. पर पोतंभर ज्वारी पडंल."

"पडू दे! सकाळी देतो."

अर्ध्या तासात जाळी लागली. मेंढ्या दाटीवाटीनं आत गेल्या आणि एकेक करून गुडघे मोडून बसल्या. बानाबाईनं तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, भाकरी थापायला घेतली. धूर वर गेला, लोकरीचा वास सुटला, आणि कडूबांना असं काही गार वाटलं की परतताना ते रिक्षात बसूनही गालातल्या गालात हसत होते. आपण काय करून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं ते थेट सकाळी, दाढीचा साबण तोंडाला लावल्यावर.

साबण तसाच पुसून ते सात वाजता पडेगावात हजर झाले.

"त्रिंबक, उठीव बाबा मेंढ्या! नऊला गिऱ्हाईक येतंय."

"कशी उठवू?" त्रिंबक म्हणाला. "तीन जणी व्याल्यात रातीतून." बानाबाईनं पदराखालून एक ओलं, थरथरतं कोकरू बाहेर काढून दाखवलं. "पायावर तरी उभं राहू द्या लेकराला. सांजच्याला जाऊ."

"सांजच्याला? अगं माय, मपला सौदा हाय नऊला!"

"अन् ज्वारी कुठंय?" त्रिंबकानं विचारलं.

ज्वारी मुकुंदवाडीत होती. कडूबांनी रस्त्याच्या कडेला जाऊन सरूबाईंना फोन लावला. "आगं, ऐक. ते ज्वारीचं पोतं टेम्पोत टाकून पडेगावला पाठव. मेंढपाळाला द्यायचंय. मेंढ्या बसवल्यात प्लॉटवर."

पलीकडं कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कवा बसवल्या?" सरूबाईंनी विचारलं.

"काल सांजच्याला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. शिव्या बसतील या तयारीनं कडूबांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, तो त्यांनी हळूच खिशात घातला.

इकडं कॉलनी जागी झाली होती. रविवार असल्यामुळं प्लॉटवाले सकाळीच आले. पहिला आला रामकिसन, तहसीलमधला कारकून, प्लॉट क्रमांक आठ. तो आता तक्रार करणार म्हणून कडूबांनी हात जोडले. पण रामकिसन जाळी धरून उभा राहिला आणि आत बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहराच पालटला.

"कडूबा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मपल्या प्लॉटवर बसतील का आज?"

"तुझ्या? तू काय पेरणार तिथं?"

"काय नाय. नुसतं बसू द्यायचं."

झालं! आठच्या आठ मालक शेतकऱ्यांची पोरं. रेटच्या नादात सगळ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षं उपाशी पडलेल्या. कुणी दीड पोतं बोललं, कुणी दोन, कुणी त्यावर गूळ. बांधलेल्या तीन घरांपैकी एकातल्या आवडाबाई, त्यांना तर अंगणात फक्त तुळस, त्याही दोन मेंढ्या द्या म्हणून हटून बसल्या. कडूबांना आपलं संकट विसरायला झालं. त्यांनी त्रिंबकाला बाजूला ओढलं.

"कुणालाच हो म्हणू नको. थांब. रेट चढतोय तुझा."

"थांबून काय करू मालक?" त्रिंबक म्हणाला. "कोकरं चालायला लागली की आमी चाललो. मेंढरांना ठिवलंय का कुणी थांबवून?"

कडूबा यावर काहीतरी चांगलं बोलणार होते, तेवढ्यात गाडी आली. पुढं बन्सी उतरला आणि मेंढ्या बघून त्याचा जबडा खालीच राहिला. "काका! ये क्या लगा रखा है? मी त्यांना रेसिडेन्शियल प्लॉट सांगितलाय!"

मागून नानासाहेब उतरले. पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा, हातात काठी. कुणाशी न बोलता ते जाळीपाशी गेले. वाकले. खालची माती मुठीत घेतली, बोटांनी मोडली, नाकाशी नेली. सगळी कॉलनी श्वास रोखून बघत होती. कडूबांच्या डोळ्यांपुढं दुसरा मजला, दोन खोल्या आणि तो एकट्याचा नळ असं सगळं तरंगत तरंगत लांब चाललं होतं.

"किती बसवल्यात?" नानासाहेबांनी विचारलं.

"ऐंशीक असतील. चुकी झाली साहेब, सांजपर्यंत सगळं झाडून..."

"झाडून?" नानासाहेब ओरडलेच. "येडे का खुळे तुम्ही? हे सोनं झाडता? हे बघा, जागा मला पसंत आहे. रेट बोललो तोच. पण आज इसार देणार नाही."

"का?"

"खत तुम्ही घातलं, पीक तुमचं. दुसऱ्यानं खतवलेलं रान आमच्या घराण्यात कुणी कधी घेतलं नाही. एक पीक तुम्ही काढा. दिवाळीनंतर बोलू."

"बराबर हाय," रामकिसन म्हणाला.

"एकदम बराबर," बाकीचे म्हणाले.

आणि कडूबा? इतकी रास्त गोष्ट त्यांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. "आगदी लाख बोललात नानासाहेब!" असं म्हणून त्यांनी नानासाहेबांचा हातच धरला. दोघं बांधावर बसले. मेथी टाकावी की वांगी लावावीत यावर चांगली चर्चा रंगली. बन्सी दोघांच्या भोवती फेऱ्या मारत "अहो काका, अहो साहेब" करत होता. खतावर वांगी कशी तरारून येतात ते सांगताना नानासाहेबांचे डोळे मिटले, कडूबांचेही मिटले, आणि दोघांना हिरवीगार पानं वाऱ्यावर हलताना दिसायला लागली.

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि कडूबांनी डोळे उघडले. पाडवा आठवला. सरू आठवली. तिला काय सांगायचं? आजपासून आठव्या दिवशी आपल्याला छप्पर नाही, पण वांगी झकास येतील? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

टेम्पो जाळीपाशी थांबला. मागं ज्वारीचं पोतं होतं. पोत्याच्या मागं कपाट होतं. कपाटाच्या मागं खाट, गॅस, शेगडी, गाद्यांची वळकटी, पिंप, शिलाई मशीन आणि सगळ्यात वर दोरीनं बांधलेला देव्हारा. ड्रायव्हरशेजारून सरूबाई गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उतरल्या.

"आगं," कडूबा पुटपुटले, "मी पोतं पाठव म्हणलं होतं."

"पोत्याला जेवढं भाडं, तेवढंच सगळ्याला," सरूबाई म्हणाल्या. "म्हणून सगळंच आणलं. खोलीची किल्ली देऊन आले."

"अन् फ्लॅट? सौदा झाला असता म्हंजी..."

सरूबाईंनी त्यांना मधेच तोडलं.

"उद्या इकायची त्या जमिनीवर आज कुणी मेंढ्या बसवतं का? मीबी शेतकऱ्याचीच लेक हाय. फोनवर मेंढ्या म्हणलात, तवाच मला समजलं, ह्या माणसाच्यानं ही जागा इकवत नाय. अकरा वर्षं ते तुमालाच कळंना, त्याला मी काय करू? पत्र्याच्या खोलीत राहू अन् उद्यापासून जमंल तसं बांधायला घेऊ." मग त्यांचं लक्ष नानासाहेबांकडं गेलं आणि त्यांनी पदर सावरला. "पाव्हणे आलेत व्हय? बसा, चहा ठेवते." आणि खरोखरच बानाबाईच्या तीन दगडांपाशी जाऊन त्यांनी पातेलं चढवलं. बानाबाईनं सरकून जागा दिली.

नानासाहेबांनी काठी टेकून मान डोलावली. रामकिसन आणि बाकीचे मालक आपापल्या रिकाम्या प्लॉटांकडं वळून बघायला लागले. त्रिंबकानं पोतं पाठीवर घेतलं.

बन्सीला मात्र राहवेना. तो कडूबांच्या कानाशी येऊन कुजबुजला, "काका, ऐका. इथं माणूस राहायला आलं म्हटल्यावर आजूबाजूचा रेट आता..."

कडूबा टेम्पोत चढून दोऱ्या सोडत होते. देव्हारा त्यांनी छातीशी धरून खाली उतरवला, पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवला आणि परत आले. बन्सी अजून तोंड उघडं ठेवून उभाच होता.

"बन्सी," ते म्हणाले, "कपाटाची ती बाजू धर."