अंधारातला म्हातारा

आमच्या मंठ्याच्या शाळेतले वाहूळ सर सकाळी हॉटेलात चहाला आले की आधी जाहीर करायचे, "म्हातारा अजून हाय. पण उतरून राह्यला."

कोणता म्हातारा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरचा तो हिवाळा. एके दिवशी सर म्हणाले, "गेला! बिलकुल दिसेना." ते ऐकून हॉटेलाशेजारच्या काकू रडत आपल्या सासऱ्यांच्या खोलीत धावल्या. सासरे भाकरी खात होते.

सर विज्ञान शिकवायचे. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. दिवस मावळला की शाळेमागच्या माळावर उभे राहून कुणाशी तरी पुटपुटायचे. बायाबापड्यांनी ती वाटच सोडली. शेवटी गावानं आम्हा मास्तरांपैकी मला तिकडं धाडलं.

"सर, म्हातारा कोण?"

त्यांनी आभाळात बोट दाखवलं. तिथं काही नव्हतं. नुसती काळी जागा.

"तारा हाय. लई मोठा. फुगतो, आकसतो. श्वासच म्हणा. थोडे दिवस दिसतो, मंग उतरत जातो, अन् महिनोन् महिने दिसतच न्हाई."

"मग आत्ता काय बघताय?"

"त्यालाच. दिसत न्हाई म्हंजे मेला, असं थोडंच हाय?"



सर रंगात आले. असे धापा टाकणारे म्हातारे म्हणे आकाशगंगेत जागोजाग आहेत. ज्याचा श्वास लांब, तो त्यातल्या त्यात तरुण. आखूड श्वासाचा जुना. "कोण कुठं ऱ्हातो ते बघितलं की बराबर कळतं, आकाशगंगेच्या ह्या भोवऱ्यात मधलं गाव कधी वसलं अन् कडेच्या वाड्या कधी."

"पण रोज कशाला? एखादा दिवस चुकला तर?"

ज्वारीत वारं सळसळलं.

"आमच्या हिला दमा होता. रातभर श्वास ऐकत बसायचो. त्या पहाटे माझा डोळा लागला, जरासाच. उठलो तर आवाज न्हाई."

मी त्या काळ्या जागेकडं पाहिलं.

"त्या ताऱ्याला काई होत न्हाई, म्हाईत हाय मला. पण कुणीतरी जागं असावं, मास्तर." मग म्हणाले, "तुम्ही जा. गारठा हाय."

मी मफलर आवळला आणि तिथंच उभा राहिलो. आम्ही शाळेचं बोललो, पिकाचं बोललो. पण आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं, हळू आवाजात.