दुसऱ्या पसंतीची हकीकत

श्रीमंगलमूर्ती साक्षी. एका राज्यी राजा नावापुरता आणि कारभार लोकांनी निवडिल्या दरबाराचा, ऐशी चाल होती. त्या राज्याचे हातचे जे गेले त्याची ही हकीकत, मनी कोणाचा द्वेष न धरितां, जैसी घडली तैसी लिहिली असे. शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सर, मास श्रावण.

तेथे निवडणूक दफ्तराचे चिटणीस रंगो मोरेश्वर, ज्यांस लोक पंत म्हणत, बहुत सचोटीचे, परंतु हेकट गृहस्थ होते. राज्याची रीत ऐसी की रयतेने एकाच उमेदवारास एक मत द्यावे, आणि उमेदवार सात उभे राहावे, आणि मते सात वाटांनी फुटावी, मग शंभरांत तीस मिळविणाराने गुलाल उधळावा आणि सत्तरांनी कपाळास हात लावून घरी बसावे. हे पाहून पंतांचा जीव तुटे. मग त्यांनी बावीस वर्षे खपून मसुदा केला की रयतेने पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहावी, आणि जो तळास राहील तो बाद होऊन त्याची मते ज्याच्या त्याच्या पुढल्या पसंतीस जावी, आणि निम्म्याहून अधिक मते होतील तोच निवडून आला म्हणावा. राज्यात पक्ष दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. जी पाती हरे तिने मसुदा मस्तकी लावून हाच न्याय म्हणावे, आणि तीच जिंकली म्हणजे रयत भोळी, गोंधळून जाईल, म्हणून तो फडताळात टाकावा. ऐसे चार वेळां जाले. काय म्हणावे या लोकांस!

त्या साली धाकटी पाती थोडक्यात जिंकली आणि बोभाटा फार जाला, तेव्हां राजेसाहेबांनी फर्माविले की दरबाराने एकदाचा कौल द्यावा. मग तांब्याचे चार हंडे मांडिले. चालू रीतीचा हंडा धाकट्या पातीचा, दोन पसंतींचा थोरल्या पातीचा, पहिल्या दोघांत फेरनिवडणूक घ्यावी म्हणणारा सुट्या सभासदांचा, आणि तीन पसंतींचा पंतांचा. जुन्या वहिवाटीने प्रत्येक सभासदाने आणि चिटणिसानेही एकच सुपारी एकाच हंड्यात टाकावी, आणि ज्यात सुपाऱ्या अधिक ती रीत कायम. आधी ही वहिवाटच बदलून घ्यावी, हे बावीस वर्षे याच कामी झिजलेल्या पंतांस सुचले नाही.

कौलाचे दिवशी सकाळी थोरल्या पातीच्या पुढारीण अनसूयाबाई दाभाडकर खाशा पंतांचे घरी आल्या आणि चहा निवेतोंवर बोलल्या. म्हणाल्या, "पंत, तुम्ही आणि तुमची आठ माणसे आमच्या हंड्याकडे या. दोन पसंती आज पदरात पाडून घेऊ, तिसरीचे पुढे पाहू." पंतांचा अभिमान आडवा आला. म्हणाले, "बाई, बावीस वर्षे खपलो ते अर्धवट कामासाठी नव्हे." बाईंनी परोपरी विनविले, पंत हलले नाहीत. आपण नऊच आहो हे त्यांसही ठाऊक होते, परंतु खरे आहे तिकडे लोक आपण होऊन येतील ऐसी आशा धरून बसले. कोणी आले नाही.

मग सुपाऱ्या मोजिल्या. चालू रीत सदतीस, थोरली पाती चौतीस, सुटे एकवीस, पंत नऊ. बदल मागणारे चौसष्ट असतां सदतीसांची सरशी जाली. पंतांच्या नऊ तिकडे पडत्या तर थोरल्या पातीच्या त्रेचाळीस होत्या आणि काम फत्ते होते. निकाल लिहिणे चिटणिसाकडे, म्हणून 'चालू रीत कायम' हे शब्द पंतांसच स्वहस्ते लिहावे लागले. दरबार उठला तेव्हां पायरीवर अनसूयाबाई उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. हळूच पुसले, "पंत, खरे सांगा, तुमची दुसरी पसंती कोणती होती?"

पंत म्हणाले, "तुमचीच, बाई."

त्याउपरी पंतांनी दफ्तर सोडिले. मसुदा पुनः दरबारी आला नाही, कारण पुढे थोरली पातीही जिंकली आणि एकदा कौल जाला तो जाला म्हणू लागली. सारांश, रयत अद्याप एकच मत देते आणि सत्तर अद्याप घरी बसतात. लिहिताना वाईट वाटले, तेही लिहिले. इतके पुरे.