दाजींची चालू गाडी

मोहनरावांनी उमापूरच्या पारावर जाहीर करून टाकलं होतं, की यंदा धर्मापुरीला जायचं ते अँबेसिडरनंच, आणि मेव्हण्याच्या दारात, समद्या पाव्हण्यांदेखत, ती एका सेल्फात चालू करून दाखवायची. दुसरा सेल्फ मारावा लागला तर मिशी उतरवीन, म्हणाले. गाडी बंद कशी करायची हा विषय पारावर निघालाच नाही. निघेल कशाला? ती गाडी बंद करायला कुणाला कधी कष्ट पडले नव्हते. ती आपली आपणच बंद पडायची.

ह्या फुशारकीमागं जुनं दुखणं होतं. मोहनरावांचा मेव्हणा विजयसिंह, म्हणजे गीताबाईंचा धाकटा भाऊ, ह्यानं धर्मापुरीत घर बांधलं आणि वास्तुशांतीला बहीण-दाजींना मानानं बोलावलं. मोहनराव पानावर बसले, पहिला घास घेतला, तोच कुणीतरी सांगत आलं की दाजींची गाडी आडवी आहे, पाण्याचा टँकर अडलाय. मोहनराव उठले, चावी फिरवली. गाडीनं नुसतं ‘टक्’ केलं. समोरच्या पट्टीवरचा लाल दिवा तेवढा पेटला. शेवटी पोरांनी ढकलत गाडी बाजूला नेली, आणि विजयसिंह भर पंगतीत म्हणाला, “आमच्या दाजींची गाडी म्हंजी हळदीतला नवरदेव. चौघांनी धरल्याबगर हालत न्हाई.” पंगत हसली. मोहनराव पानावर परत बसलेच नाहीत.

तेव्हा विजयसिंहाची वर्षाराणी चौथीत होती. आता तिचा साखरपुडा ठरला होता. मधल्या सगळ्या वर्षांत गीताबाईंनी माहेरचं दार पाहिलं नव्हतं. भाऊबीजेला त्या फोन डब्याला टेकवून उभा करायच्या, फोनातल्या भावाला ओवाळायच्या, आणि काच तापू नये म्हणून निरांजन लांब धरायच्या. ह्या खेपेला विजयसिंहानं स्वतः बोलावणं केलं होतं. ह्या खेपेलाही जेवण मोडलं, तर माहेर कायमचं तुटलं, एवढं त्या माउलीला पक्कं कळत होतं.

गाडीचं मूळ दुखणं म्हणजे जुना डायनामा. बॅटरी भरायचा कमी, गुरगुरायचा जास्त. गेवराईच्या बंकट मिस्त्रीनं तो काढला आणि भंगारातल्या व्हॅनचा अल्टरनेटर त्याच्या जागी बसवला. मोहनरावांनी विचारलं, ह्याचा कटऔटचा डबा कुठं गेला? बंकट म्हणाला, “ह्याचा डबा ह्याच्या पोटातच हाय. चार्जिंग किती करायचं ते आता ह्याचं ह्योच बघतंय.” आठवडाभर गाडी उमापुरात फिरली. चालू म्हटली की चालू, बंद म्हटली की बंद. बंकटनं इथंच हात धुतले असते तर पुढचं रामायण झालंच नसतं.

पण निघायच्या सकाळी मोहनरावांची नजर त्या लाल दिव्यावर गेली. चावी फिरवली की तो पेटायचा, इंजिन चालू झालं की विझायचा. त्याचं कामच ते. मोहनरावांना मात्र वाटलं, हे बेणं मेव्हण्याच्या पार्टीतलं आहे. त्यांनी बंकटला बोलावून सांगितलं, दिवा काढ. बंकट म्हणाला, असू द्या की, काहीतरी उपयोग असंल. मोहनराव म्हणाले, तुला काढायला सांगितलंय, त्याची वकिली करायला नाही. बंकटलाही दुसरीकडं जायची घाई. त्यानं दिवा उपटला, उघडी पडलेली दोन टोकं पिळून एकमेकांना जोडली आणि वर टेप गुंडाळली. आता ह्याचा अर्थ असा, की चावीनं बॅटरीचा करंट तोडला तरी अल्टरनेटर त्याच वायरीतून उलटा करंट इंजिनाला पुरवत राहणार. मधे दिवा होता तोवर त्या उलट्या करंटाचं काही चालत नव्हतं. हे बंकटला ठाऊक नव्हतं, मोहनरावांना नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही मागाहूनच कळलं.

एका सेल्फात गाडी चालू झाली. मोहनराव एवढे खूश, की ती बंद करायचं त्यांच्या जिवावर आलं. तेलगावला चहा प्यायले, तर गाडी रस्त्याकडेला चालूच. सिरसाळ्याजवळ एका खड्ड्यात सायलेन्सरनं राम म्हटला, तरी हे उतरले नाहीत. परळीच्या पंपावरचा माणूस म्हणाला, आधी बंद करा, मग पेट्रोल. मोहनरावांनी त्याला ऐकवलं की ही बंद करण्यासाठी चालू केलेली नाही, आणि येताना भरू म्हणून पुढं निघाले. फुटक्या सायलेन्सरमुळं धर्मापुरीला गाडी दिसायच्या बरीच आधी ऐकू आली.

विजयसिंह पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात उभा होता. मोहनरावांनी गाडी मांडवापर्यंत नेली, ऐटीत चावी फिरवली आणि दार उघडलं. गाडी चालूच. परत फिरवली. चालूच. चावी काढून हातात घेतली आणि तिच्याकडं बघितलं. चावीचं काही म्हणणं नव्हतं.

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, टॉप गिअर टाकायचा, ब्रेक दाबायचा, क्लच सोडायचा, झक मारत बंद पडते. खरंय. पण पडण्याआधी ती एक उडी मारते, आणि समोर हातभरावर मांडवाचा खांब होता, खांबाला टेकून मुलाचे वडील. दुसरा मार्ग बोनट उघडून वायर उपटण्याचा. पण ह्या दारात, ह्या मेव्हण्यासमोर बोनट उघडण्यापेक्षा मोहनरावांनी मिशी दिली असती.

“बंद करा की, दाजी,” विजयसिंह म्हणाला.

“राहू द्या,” मोहनराव म्हणाले. “चालूच बरी हाय.”

विजयसिंहाचा चेहरा पडला. आपल्याकडं दारात गाडी चालू ठेवून कोण येतं? ज्याला उभ्या उभ्या आहेर टाकून, पाण्याला न शिवता माघारी फिरायचंय तो. विजयसिंहानं तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि अक्काला तेवढं आत नेलं. जाताना गीताबाईंनी नवऱ्याकडं जे बघितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मुलाच्या वडलांनी मात्र भलताच अर्थ काढला. दारात उभी गाडी सदा चालू असते ती पुढाऱ्याची. त्यात पांढरी अँबेसिडर, झुपकेदार मिशी आणि माणूस गाडीपासून हलत नाही. नक्कीच कुणीतरी मोठी असामी, राहणी साधी. त्यांनी येऊन हात जोडले आणि काय सेवा करू म्हणून विचारलं. मोहनराव घाईघाईनं म्हणाले, काही नाही, तुमचं उरकू द्या.

झालं! साहेबांना घाई आहे, उरका, असा निरोप मांडवभर गेला. भटजींनी निम्मे मंत्र गिळले. वर्षाराणी अर्ध्या वेणीनिशी पाटावर येऊन बसली. फोटोवाला यायच्या आत अंगठ्या घालून झाल्या. मागं आचाऱ्याची पहिली पुरी अजून तेलात पडायची होती.

इकडं मोहनरावांना पेट्रोलचा काटा दिसला. काटा तळाला टेकलेला. त्यांना एकदम हायसं वाटलं. पेट्रोल जाळून टाकलं की गाडी मुकाट बंद पडेल, कुणाला कळायचंही नाही! ते आत बसले आणि ॲक्सिलेटर दाबून धरला. गाडीनं गाव डोक्यावर घेतलं. मांडवातून लोकांना दिसलं ते एवढंच, की दाजी गाडीत जाऊन बसलेत आणि निघायचा तगादा लावलाय.

विजयसिंह तरातरा आला आणि खिडकीत तोंड घालून ओरडला, “लेकीचा साखरपुडा तुमच्या गाडीपायी अर्ध्या वेणीत उरकला. तिकडं अक्का रडायली. जायचं तर खुशाल जा, दाजी, पण माझ्या घरच्या अन्नानं तुमचं काय घोडं मारलंय तेवढं सांगून जा.”

त्या आवाजात मोहनरावांना अक्का रडायली एवढंच ऐकू आलं. मग पार, सेल्फ, मिशी, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचंही भान राहिलं नाही. नरडं ताणून ते सांगायला लागले, की कोण जायलंय, ही बंद व्हईना, मला जायचं न्हाई. विजयसिंह कानाला हात लावून नुसता बघत होता. मोहनरावांनी छातीत होती नव्हती तेवढी हवा भरली.

“मला जेवायचंय!”

नेमकं तेव्हाच पेट्रोल संपलं. ‘मला’ गाडीच्या आवाजात गेलं. ‘जेवायचंय’ मात्र गपगार झालेल्या मांडवात शेवटच्या सतरंजीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. आचारी झारा हातात धरून बाहेर आला. मुलाच्या वडलांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं, साधी राहणी.

“मग असं वरडता कावून, दाजी?” विजयसिंह हळू आवाजात म्हणाला. “पानं मांडायलेतच की.”

मोहनराव पहिल्या पानावर बसले आणि उठले सगळ्यांच्या शेवटी. विजयसिंह पंक्तीभर त्यांच्याच भोवती घुटमळत होता, बुंदी घ्या म्हणत होता. तिसऱ्यांदा भात घेताना मोहनरावांनी हळूच विचारलं, संध्याकाळी निघायचं म्हणजे पेट्रोल बघावं लागेल, जवळ कुठं मिळतं?

“परळीत मिळतं,” विजयसिंह म्हणाला.

“परळी आठ दिवस बंद हाय,” गीताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या भातावर तुपाची धार धरली.