भावडबारी, थर्डमध्ये

“दहा घोड्यांची ताकद वाढलीय, पैजेवर सांगतो!” शेखरनं फोनवर बायकोला ठणकावलं.

“त्यांना स्वयंपाक येतो का?” हर्षालीनं विचारलं.

ती पोरांना घेऊन देवळ्याला माहेरी जाऊन बसली होती, कारण शेखरचा प्रत्येक रविवार नाशिकच्या सिडकोतल्या चंदरच्या गॅरेजमध्ये जायचा. जुन्या मारुती आठशेला त्यानं जाड सायलेन्सर, नवा एअर फिल्टर, रुंद टायर असं काय काय बसवून घेतलं होतं. आवाज असा, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची! पण गाडी बंद केली की घर खायला उठायचं. कुकर लावला तर सवयीनं चौघांचा भात व्हायचा आणि तो शिळा एकट्यालाच संपवावा लागायचा.

इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र कुठंतरी असेलही. हर्षालीच्या माहेरी मात्र एकच माप चालायचं, भावडबारीचा घाट. लग्न असो, बारसं असो, पुरुषमंडळी आधी विचारणार, “कितव्या गिअरला चढली?” शेखरची गाडी सेकंडला धापा टाकत चढायची आणि मेहुणे मिशीत हसायचे.

“थर्डमध्ये चढवली तर परत येशील?” शेखरनं फोनवर विचारलं.

“चढवा तर आधी!”

रविवारी घाट लागला, शेखरनं थर्ड टाकला आणि श्वास रोखला. गाडी सुर्रकन वर! “बघितलंस?” तो आनंदानं ओरडला आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून गप्प झाला.

देवळ्यात हर्षालीनं खरंच बॅगा भरल्या. तिलाही करमत नव्हतं, पण ते ती थोडीच कबूल करणार! पोरं बसली. सासूबाई चंद्रभागा म्हणाल्या, “मी बी येते चार दिस. अन् जावईबापू, दोन गोण्या कांदे टाका. घरचा माल हाय, नाय म्हणू नका!”

एक गोणी डिकीत गेली, एक पोरांच्या पायाशी.

घाट आला. थर्डमध्ये गाडी गचके खाऊ लागली, सेकंडला कण्हली, फर्स्टला तिनं मान टाकली. बॉनेटमधून वाफ निघाली. सायलेन्सर मात्र शेवटपर्यंत गरजत होता!

“आधी निदान सेकंडला तरी चढायची!” हर्षाली म्हणाली.

“अगं, येताना थर्डला चढली! देवाशप्पथ!”

“येताना गाडीत कोण होतं?”

शेखरनं मागं वळून कांद्याच्या गोणीकडे बघितलं.

तेवढ्यात समोरून देवळ्याकडे जाणारी एसटी आली. हर्षालीनं हात केला. पोरं चढली, सासूबाई चढल्या, कांदेसुद्धा चढले.

“आधीसारखी करून आणा,” पायरीवरून ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. “सेकंडला चढायची तशी. मग येते.”

एसटी वळणाआड गेली. शेखरला रडूच यायचं बाकी होतं. इंजिन निवल्यावर त्यानं पाणी ओतलं, गाडी सुरू केली आणि नाशिकचा रस्ता धरला.

उरलेला घाट तिनं झोकात चढला. थर्डमध्ये!