चार अर्धी घरं आणि दोन डी. स्टिडहॅम

रविवारी आईकडे जेवताना डेन्व्हर स्टिडहॅमनं जाहीर केलं, की त्याच्या नव्या घराच्या भिंती सहा इंच जाड असणार आहेत. बोटांनी मापही दाखवलं, आणि ते सहा इंचांहून बरंच मोठं होतं.

"चार इंची काय, कोणीही घेतं," तो म्हणाला. "थंडी पडली की मग कळतं."

समोर त्याचा धाकटा भाऊ डॉयल पावासारख्या मऊ बिस्किटांवर दाट पांढरा रस्सा ओतून घेत होता. मान वर न करता तो म्हणाला, "आमच्या पण सहा इंचीच आहेत, दादा. आणि जमीन प्लायवूडची. भुशाच्या फळ्या आपण घेतल्याच नाहीत. पाणी सांडलं की फुगतात त्या."

डेन्व्हरनं उचललेला घास परत ताटात ठेवला.

हे दुखणं जुनं होतं. डॉयल चौदा महिन्यांनी लहान, पण टोमॅटो आधी त्याचे पिकायचे, कुत्रा हाक मारल्यावर त्याचा यायचा, आणि पन्नाशी उलटली तरी डोक्यावरचे केसही त्याचेच शाबूत होते. आईनं भेदभाव नको म्हणून दोघांची नावं 'ड'वरून ठेवली. केंटकीच्या डोंगरातल्या आपल्या जमिनीचे दोन सारखे तुकडे करून दिले, तर झरा लागला तोही डॉयलच्या तुकड्यात. गेल्याच महिन्यात चर्चच्या सोडतीत नवी कोरी बोट लागली, तीही त्यालाच. आता दोघांचीही जुनी घरं गळायला लागली, म्हणून दोघांनी एकाच वसंतात नवी मागवली होती. कारखान्यात बनतात ती, दोन अर्धे भाग ट्रकवर घालून आणतात आणि जागेवर जोडतात तसली.

आता खरं सांगायचं तर डेन्व्हरच्या भिंती चारच इंची होत्या.

त्याची बायको रीव्हा विक्रेत्या प्रुइटच्या ऑफिसात अगदी स्पष्ट बोलली होती. "मला जाड भिंती हव्यात आणि पायाखाली धड जमीन. नोव्हेंबर लागला की माझे गुडघे रडायला लागतात. शोभेचं काय ते पुढं बघू."

डेन्व्हरनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सही करायला एकटाच गेला. प्रुइटनं भिंतींचे दोन नमुने टेबलावर मांडले.

"डॉयल स्टिडहॅमनं कुठली घेतली?" डेन्व्हरनं विचारलं.

"ते मला सांगता येत नाही, साहेब."

"साधारण?"

"आपण तुमच्या घराचं बोलू या का?"

जाड भिंती आणि चांगली जमीन यांना जेवढे जास्त पडत होते, तेवढ्यात चार पांढऱ्या खांबांचा ओटा होत होता. डेन्व्हरनं फार विचार केला. भिंतीची जाडी भिंतीच्या आतच राहते. खांब मात्र डॉयलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज सकाळी दिसणार होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून त्यानं रांगेतल्या सगळ्यात स्वस्त घरावर सही केली. त्यात रंग एकच मिळत होता, बदामी. घरी येऊन रीव्हाला सांगितलं, "सहा इंच पक्के. आणि खांब वर फुकट मिळाले."

मे महिन्यात चार ट्रक चार अर्धी घरं घेऊन घाट चढून आले. चारही बदामी. मेल्यानं माझा रंगसुद्धा उचलला, असं डेन्व्हरला वाटलं आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. मुकादम मॅब्रीच्या हातातल्या कागदांवर सगळीकडे 'डी. स्टिडहॅम' एवढंच होतं. त्यानं दोन अर्धी इकडं ढकलली, दोन तिकडं. दोन भाग जोडण्याला त्या धंद्यात लग्न म्हणतात. दिवस मावळायच्या आत दोन्ही लग्नं लागली आणि वऱ्हाड निघून गेलं.

प्रत्येक भागाच्या टोकाला नंबराची एक लाल पत्र्याची पट्टी असते. दुसऱ्या दिवशी डेन्व्हरनं कागद हातात धरून घराला चक्कर मारली. पुढच्या भागाचा नंबर जुळला. मागचा जुळेना. डॉयलकडची मंडळी बाजारात गेलेली बघून तो कुंपण ओलांडून गेला. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. तो वाकला, आणि डॉयलच्या घराच्या मागच्या भागावर त्याला स्वतःचा नंबर दिसला.

म्हणजे डॉयलचा मागचा भाग, झोपायच्या खोल्यांचा, सहा इंची भिंतींचा, प्लायवूडच्या जमिनीचा, त्याच्या अंगणात उभा होता. घरी येऊन त्यानं झोपायच्या खोलीची भिंत ठोकून पाहिली. काय भरीव आवाज होता! पैसे डॉयलचे आणि ऊब आपल्याला, या विचारानं तो इतका सुखावला की भिंतीला टेकून थोडा वेळ नुसता उभाच राहिला. शिवाय रीव्हाच्या गुडघ्यांची सोय झाली, म्हणजे पुण्यच की.

आनंदाच्या भरात त्यानं डॉयलला पायऱ्या बसवून दिल्या. डॉयलनं त्याला हरणाचं मांस पाठवलं. यानं त्याचं गवत कापलं, तर त्यानं याची गाडी धुतली. आठवडाभर हे पाहून आईनं दोघांना समोर बसवलं.

"तुमच्यातलं मरतंय कोण? मला आधी सांगा."

शनिवारी प्रुइट स्वतः मॅब्रीला घेऊन आला. दोन घरांच्या मधल्या वाटेवर सगळे जमले. आईला खुर्ची आणून दिली.

"आमच्याकडून मोठी चूक झालीय," प्रुइट टोपी काढून म्हणाला. "मागचे भाग बदलले गेलेत. आम्ही सोमवारी येऊन सोडवतो आणि ज्याचे त्याला देतो. तुम्हाला एक पैसा पडणार नाही."

"काही गरज नाही," डेन्व्हर म्हणाला.

"अजिबात नाही," डॉयल म्हणाला.

दोघंही एकमेकांकडे पाहून गोड हसले.

"गरज नाही कशी?" रीव्हा पुढं आली. "आमच्या सहा इंची भिंती त्यांच्याकडं गेल्यात. त्या परत हव्यात मला."

"तुमच्या?" डॉयलची बायको लर्लीन कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ताई, सहा इंची आमच्या आहेत. तुमचा पुठ्ठा घेऊन जा तुमचा."

"लर्लीन, घरातलीच माणसं आहेत, जाऊ दे," डॉयल पुटपुटला.

"रीव्हा, भावाभावांत कसलं आलंय मोजमाप," डेन्व्हर म्हणाला.

रीव्हानं नवऱ्याकडे वळून पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"लग्न लागलंय ना एकदा?" आई खुर्चीतून म्हणाली. "मग देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये."

मॅब्री इतका वेळ कागद चाळत होता. "तसं तोडायचं कारणही नाही," तो म्हणाला. "मला वाटलंच, सांधा इतका नीट बसला कसा. दोन्ही घरं एकच आहेत. चार इंची भिंती, भुशाच्या फळ्यांची जमीन, बदामी रंग. रांगेतलं सगळ्यात स्वस्त. नुसते नंबर बदलून कागद करून देतो."

डॉयलचा कुत्रा जांभई देऊन खाली बसला.

मग लर्लीन सावकाश म्हणाली, "डॉयल, ती बोट तुला चर्चच्या सोडतीत लागली होती ना?"

डॉयल स्वतःचे बूट बघू लागला. तिकडं रीव्हा चार पांढऱ्या खांबांकडे बघत होती.

"फुकट मिळाले म्हणालास."

"रीव्हा, ऐक तर..."

"नको. थंडीत गुडघे दुखले की एकेका खांबाला मिठी मारून बसेन." आणि ती हळूहळू पायऱ्या चढून आत गेली. प्रत्येक पायरीवर तिनं कठड्याला धरलं.

डेन्व्हरला लाज वाटली. अगदी खरी, कानापर्यंत चढलेली. तिच्या मागं जावं, पाय धरावेत, खांब विकून भिंतींना आतून जाड अस्तर लावून द्यावं, असं सगळं त्याच्या मनात आलं. तो दोन पावलं गेलाही. मग प्रुइटची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं, तसा तो वळला आणि पळत जाऊन त्यानं काच ठोठावली.

"एकच सांगा. डॉयलला कितीला पडलं?"

प्रुइटनं उसासा टाकला. आता लपवण्यासारखं राहिलं तरी काय होतं. "तुमच्यापेक्षा एकवीसशे डॉलर कमी."

"खांब सोडून?"

"खांब सोडून."

"पण घर तेच ना?"

"तेच. त्यानं दोन तास घासाघीस केली. तुम्ही किमतीचं बोललातच नाहीत, साहेब. सगळा वेळ डॉयलनं काय घेतलं तेवढंच विचारत होतात."