गॅनेट बेटाचा तह

बर्नाडेट स्वॉरब्रिकने ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळापुरतं एक व्रत घेतलं होतं: खोटं बोलायचं नाही. घरच्यांनी चॉकलेट सोडलं होतं. भावाने बिअर सोडली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा धरली. बर्नाडेटला चॉकलेट मुळात आवडतच नसे. ते सोडणं म्हणजे देवाला फसवणंच झालं असतं, म्हणून तिने खोटं सोडलं.

व्रतात वावगं काहीच नव्हतं. फक्त ती विद्यापीठात राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकत होती. तेही पायाभूत वर्षात, म्हणजे शाळेत गुण कमी पडलेल्यांना विद्यापीठ जे एक वर्ष ओसरीवर बसवून घेतं, त्या वर्षात. आत जायचं तर आजची परीक्षा पार पडायला हवी होती. नाहीतर सप्टेंबरपासून मावशीच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानात बटाटे सोलायचे.

परीक्षा म्हणजे लुटुपुटीची शांतता-परिषद. आर्डोनिया आणि बेल्मारिया हे दोन काल्पनिक देश गॅनेट नावाच्या काल्पनिक बेटावरून भांडत होते. बेटावर माणूस नव्हता. पक्षी होते आणि पक्ष्यांची शिट होती. वर्गातलेच दोन गट दोन देश होऊन दोन खोल्यांत बसलेले, मधल्या बोळातून निरोप नेणारी मध्यस्थ बर्नाडेट. चार वाजायच्या आत दोन्ही देशांच्या सह्यांचा एक कागद परीक्षक पेनरोजबाईंच्या हातात पडला, तर मध्यस्थ पास.

आधी तिने सगळ्यांसाठी चहा टाकला. दूध नव्हतं. आर्डोनियाचा परराष्ट्रमंत्री फर्गस एन्सकॉ कुठूनशी एक बाटली घेऊन आला.

"कुणाचं आहे रे हे?"

"शिक्षकांच्या फ्रिजमधलं. म्हणजे जगाचं," फर्गस म्हणाला. चहा झाला, वाटाघाटी सुरू झाल्या.

"काय म्हणतायत पलीकडचे?" फर्गसने विचारलं.

दुसरी कुणी मध्यस्थ म्हणाली असती, तुमची काळजी त्यांना कळते. बर्नाडेट म्हणाली, "इमोजेन म्हणते, तू म्हणजे भांग पाडलेलं मेंढरू."

इमोजेन टेट ही बेल्मारियाची परराष्ट्रमंत्री. बर्नाडेट तिच्या खोलीत गेली. "फर्गस म्हणतो, तुझं भाषण सुरू झालं की बेटावरचे पक्षीसुद्धा उडून जातील."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी हसले."

"हसलीस?"

"हसू आलं गं. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

अर्ध्या तासात आर्डोनियाने बोळातली आपली खुर्ची आत ओढून घेतली आणि राजदूत परत बोलावल्याचं जाहीर केलं. बिस्किटांचा डबा बेल्मारियाच्या खोलीत होता. त्यांनी निर्यात बंद केली.

तेवढ्यात पेनरोजबाई बोळात आल्या. हातात रिकामी बाटली. आवाज अगदी मऊ, म्हणजे प्रकरण गंभीर.

"यावर माझं नाव लिहिलंय. दूध कुणी घेतलं?"

फर्गस पुढे आला. "आर्डोनियाला या घटनेचं तीव्र दुःख आहे. स्वतंत्र चौकशी व्हावी."

"बेल्मारिया दूधचोरीच्या प्रत्येक प्रकाराचा निषेध करते," हातातला कप पाठीमागे नेत इमोजेन म्हणाली.

बाईंनी समाधानाने मान हलवली आणि दोघांच्या नावापुढे चांगले गुण टाकले. मग त्या बर्नाडेटकडे वळल्या. त्यांच्या पाठीमागून दोन्ही देश जिवाच्या आकांताने 'नको, नको' म्हणून माना हलवत होते.

"फर्गसने आणलं, मॅडम. चहा मी केला आणि सगळेच प्यायलो. चुकलं. उद्या नवी बाटली आणून देते."

बाई रिकामी बाटली घेऊन निघून गेल्या.

"फितूर!" फर्गस ओरडला.

"शत्रूसुद्धा असं करत नाही गं!" इमोजेन म्हणाली. "फर्गस, आत ये जरा."

दिवसभरात पहिल्यांदाच दोन्ही देश एका खोलीत गेले. दार धाडकन लागलं. थोड्या वेळाने बिस्किटांचा डबा उघडल्याचा आवाज आला. बर्नाडेट बोळात एकटीच उभी. कोटाच्या खिशात जपमाळ होती, पण पास होण्यासाठी देवाला भीड घालणं तिला बरं वाटेना. आत मारामारी होऊ नये, एवढंच तिने मागितलं.

चार वाजायच्या जरा आधी दार उघडलं. "तुझ्यावर अविश्वास ठराव," फर्गसने कागद नाचवला. "दोघांच्या सह्या आहेत!"

पेनरोजबाईंनी तो मोठ्याने वाचला. "मध्यस्थ बाईंच्या पोटात काही राहत नाही. त्यांना ताबडतोब काढावं. नवीन मध्यस्थ मिळेपर्यंत बेट दोघांनी सांभाळावं. भरतीला आर्डोनियाने, ओहोटीला बेल्मारियाने." त्यांनी चष्मा काढला. "सह्या दोन्ही देशांच्या?"

"अर्थात!" दोघं अभिमानाने म्हणाले.

"आणि वेळेत. बर्नाडेट, तू पास."

"अहो मॅडम, आम्ही तर तिला हाकललंय!"

"एकमताने हाकललंत ना? सकाळपासून दुसऱ्या कशावर तुमचं एकमत झालं होतं?"

"पण बेटाचं ते तात्पुरतं लिहिलंय..." इमोजेन चाचरली.

"तह तात्पुरतेच असतात, बाळ. बर्नाडेट, साक्षीदार म्हणून खाली सही कर."

बर्नाडेटने कागद सावकाश पहिल्यापासून वाचला. पोटात काही राहत नाही, हे तर खरंच होतं. ताबडतोब काढावं, हेही तिला रास्त वाटलं. सबंध कागदात एकही खोटं वाक्य सापडेना, तेव्हा तिने निश्चिंत मनाने, घोटीव अक्षरात सही ठोकली.